सीलबंद बाटलीतलं पाणी

आधीच सांगते, मी केमिस्ट आहे. वीस वर्षं पाणी तपासायचं काम करते. जे मीटरवर दिसत नाही ते मी मानत नाही, आणि मानणाऱ्यांची भरपूर टिंगल केलेली आहे. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला भुताच्या गोष्टींची कमतरता नसते. बंद गिरणीचा भोंगा अजून कुणाला ना कुणाला ऐकू येतोच. गावाला मालवणात तर प्रत्येक वडाला कुणीतरी मालक असतो. मी लहानपणापासून हे ऐकून फिदीफिदी हसत आले. त्यामुळे इथे लिहिताना मला लाज वाटतेय, खरं सांगते. पण लिहायचं कारण वेगळं आहे, ते शेवटी कळेल.

आमची लॅब लालबागला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर मसाला कुटायचे डंक चालतात. सीझनला मिरच्यांचा असा ठसका वर येतो की नवीन माणूस दोन दिवस शिंकत बसतो. आम्ही चौघं-पाचजण. मालक पाटकर सर, माझ्याबरोबर वैशाली कांबळे (ही धातू तपासणाऱ्या मशीनवर असते आणि माझ्यापेक्षाही कट्टर... तिच्या घरी आजोबांपासून देवाला नमस्कार नाही), आणि मी. रिपोर्टवर सही माझी. माझी सही झाली की ते पाणी चांगलं की वाईट, हे ठरलं.

विदर्भातल्या एका कोळसा खाणीचं पाणी दर महिन्याला आमच्याकडे येतं. खाण खोल गेली की तळाला पाणी साठतं, ते पंपाने उपसून नाल्यात सोडतात. कोळशाच्या थरातून आलेलं पाणी असतं, त्यात काय काय मिसळेल सांगता येत नाही. म्हणून खाणीतलं, नाल्यातलं आणि शेजारच्या गावाच्या विहिरीचं, असं सगळं पाणी तपासत राहायचं असतं. गावची नळयोजना मोटर जळाल्यापासून बंद, त्यामुळे अख्खं गाव त्या एका विहिरीवर. आमच्या यादीत तिचं नाव फक्त ‘व्ही-थ्री’.

नमुने भरायचे मेश्राम काका. खाणीवरचे कंत्राटी कामगार, रिटायरमेंटला आलेले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण सहा-सात वर्षं फोनवर बोलणं. बॅच पाठवली की फोन यायचाच, “म्याडम, बरफ बराबर टाकला हाये, पाहून घेजा.” माणूस कामाला इतका चोख की मी त्यांचे फॉर्म डोळे झाकून फाइल करायचे.

आता एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाटल्यांच्या प्रत्येक पेटीत आम्ही एक जास्तीची बाटली ठेवतो. तिच्यात आमच्याच लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर भरायचं, झाकण सील करायचं आणि पेटीबरोबर खाणीवर पाठवायची. तिथे ती उघडायची नाही. तशीच परत येते. तिला म्हणतात ब्लँक. येताना तिच्यात काही सापडलं तर समजायचं की गडबड आपल्या बाटल्यांत किंवा प्रवासात आहे, आणि मग त्या बॅचचे सगळे नमुने बाद. सगळं पुन्हा भरून मागवायचं.

पुन्हा मागवायचं म्हणजे पंधरा दिवस गेले, क्लायंटची बोलणी, सरांचं तोंड वाकडं. त्यामुळे ब्लँक खराब आला की केमिस्ट लोक एक चोरी करतात. कुणी कबूल करणार नाही, मी करते. ब्लँक बेसिनमध्ये ओतायचा, कॅनमधून ताजं डिस्टिल्ड घ्यायचं, त्याचं रीडिंग लावायचं. दोन मिनिटांचं काम. बाटली नीट धुतली गेली नसेल, एवढंच मनाला सांगायचं.

दिवाळीच्या आधीच्या बॅचला मी हेच केलं.

घरी फराळाची गडबड, निम्मा स्टाफ सुट्टीवर, आणि ब्लँकच्या बाटलीतलं पाणी किंचित पिवळट दिसत होतं. मीटरला लावलं तर आकडाही जास्त. मी बाटल्या धुण्यावरून सगळ्यांचे कान उपटले, पाणी ओतलं, ताजं लावलं, सही केली. रिपोर्ट स्वच्छ. व्ही-थ्री तर इतकं छान की विचारू नका. घरी येऊन मी चकल्या तळल्या.

दिवाळीनंतरच्या खेपेला मात्र मी ठरवलं, यावेळी कुणावर सोडायचं नाही. नवी कोरी बाटली काढली. स्वतः ॲसिडने धुतली, सहा वेळा विसळली, स्वतः भरली. झाकणावर टेप लावून टेपवर आडवी सही केली. उघडली तर सही फाटणार, असं. त्याच कॅनमधली दुसरी एक बाटली भरून लॅबच्या फ्रिजमध्येच ठेवली, ताडून पाहायला.

दहा-बारा दिवसांनी पेटी परत आली. सकाळचे अकरा वाजले असतील, खाली डंक सुरू होते, खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. म्हणजे वातावरणनिर्मिती वगैरे काही नाही, आधीच सांगते. मी पेटी उघडली आणि बाटल्या एकेक करून बाहेर काढायला लागले. बर्फाचे पॅक अजून कडक होते. बाटल्या इतक्या गार की बोटं बधिर होत होती.

मग ब्लँक हातात घेतला.

बाटली कोमट होती.

गार नव्हती, गरमही नव्हती. विहिरीतून नुकतं शेंदून काढलेलं पाणी हाताला लागतं ना, तशी. दोन बर्फगार बाटल्यांच्या मधोमध ठेवलेली होती. मी वैशालीला हाक मारली.

“हे बघ जरा.”

तिने हातात घेतली. “उन्हात ठेवलेलीस काय?”

“आत्ता काढली गं. तुझ्यासमोर.”

तिने थर्मामीटर आणून बाटलीला चिकटवला. सत्तावीस. शेजारची बाटली चार. मग तिने टेप पाहिला. माझी सही अखंड. कडेला खरवडल्याची खूण नाही, टेपखाली बुडबुडा नाही. आम्ही दोघींनी भिंग लावून पाहिलं.

“इन्सुलेशनचं काहीतरी असेल,” ती म्हणाली.

बाटली फ्रिजमध्ये ठेवली. अर्ध्या तासाने काढली. सत्तावीस.

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. तरी काम ते काम. सील कापलं, अर्धं पाणी बीकरमध्ये ओतलं. पाणी काचेसारखं नितळ. माझा जीव भांड्यात पडला. कंडक्टिव्हिटी मीटरचा प्रोब आत सोडला. पाण्यात क्षार किती विरघळलेत ते हा मीटर सांगतो. डिस्टिल्ड वॉटरला एक-दोन दाखवतो, फार तर तीन.

दोन दाखवले.

मी पेन उचललं. आणि आकडा हलला. नऊ. चाळीस. मी प्रोब काढला, धुतला, पुन्हा सोडला. एकशे दहा. तीनशे. बीकरला कुणाचा हात नाही, त्यात काही पडत नाही, आणि आकडा चढतोय... शांतपणे, हंडा भरत जावा तसा. वैशाली माझ्या खांद्यामागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. अठराशे सेहेचाळीसवर तो थांबला. पाच मिनिटं पाहिलं, हलला नाही.

“फ्रिजमधली लाव,” वैशाली म्हणाली.

त्याच कॅनमधली, लॅबमध्येच राहिलेली बाटली. दोन. दोनच राहिले. मीटर ठीक होता.

तोवर बीकरमधलं पाणी तांबूस व्हायला लागलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड असलं की ते काढताना नितळ दिसतं, हवेला उभं राहिलं की गंजतं. खाणीजवळच्या पाण्याची ही ओळखीची खूण. पण हे जमिनीखालचं पाणी नव्हतंच. मी ते लालबागला, माझ्या हाताने, कॅनमधून भरलं होतं. पाऊण तासात बीकरच्या कडेला तांबडी रेघ धरली.

पाटकर सर आले, त्यांनी बीकर पाहिला आणि खांदे उडवले. मनाने वाईट नाहीत, पण नाकावर माशी बसू देत नाहीत. “सावंत मॅडम, ब्लँक कंटॅमिनेट झालाय, त्यात काय एवढं? नवा लावा. पाचच्या आत रिपोर्ट अपलोड झाला पाहिजे, खाणवाल्यांचे दोन फोन येऊन गेले.”

“सर, सील—”

“अहो, सील सील काय करता! जेवून या, नवा लावा, सही करा.”

मी करी रोडला राहते, जेवायला घरी जाते. आई ऐंशीची, पण कान अजून शाबूत. मी ताटावर नुसती बसून राहिले तेव्हा तिने विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. एरवी मी तिच्याशी असलं काही बोलत नाही. सांगितलं असतं तर ती लगेच देवाला गाऱ्हाणं घालायला उठली असती. पण ती उठली नाही.

“ह्या पयल्यांदाच झाला?” तिने विचारलं.

“नाही. मागच्या महिन्यात पण थोडं होतं.”

“मगे तेव्हा काय केलंस?”

“ओतून टाकलं.”

आई म्हणाली, “काय तरी सांगूक इला, ता तू ओतून टाकलंस. आता परत इला. आता तरी इचार गो बाय तेका, खंयसून इलंस म्हणून.”

मला तिचा राग आला. पाण्याला काय विचारायचं, कुठून आलंस म्हणून? पण परत येताना, पुलावर चालता चालता, मला दुसरंच काहीतरी आठवलं. लॅबमध्ये शिरल्या शिरल्या मी व्ही-थ्रीचे रिपोर्ट काढले. गेल्या दोन महिन्यांचं विहिरीचं पाणी फार चांगलं होतं. फारच. सहा-सात वर्षांत त्या विहिरीचं पाणी कधी इतकं गोड नव्हतं. असलं पाणी विहिरीचं नसतं, फिल्टरचं असतं. माझ्यासमोर आकडे होते आणि मी ते ‘छान’ म्हणून फाइल केले होते.

मी मेश्राम काकांना फोन लावला. मागे दवाखान्यासारखा गलका ऐकू येत होता.

“काका, एकच विचारते. व्ही-थ्रीचा नमुना कुठून भरला?”

गलका कमी झाला, ते बाजूला गेले असावेत.

“काका?”

“म्याडम... आता तुमाले का सांगू. दोन मैने झाले, गुडघा असा सुजला हाये का चालनं होत नाही. इहिरीच्या रस्त्यावर मातीचा ढिगारा टाकून ठेवला खाणवाल्यायनं, चढून जा लागते. मी... गेटवरच्या फिल्टरच्या टाकीतलं भरलं. मले वाटलं, दरसाल तेच तं येते, का फरक पडते. चुकलं म्याडम माझं.” मग आवाज एकदम घाईचा झाला. “त्यात दिवाळीपासून नात दवाखान्यात. नऊ मैन्याची हाये. पोटात काहीच ठरत नाही पोरीच्या, नुसती सुकून गेली. उद्या सुट्टी देतो मनते डॉक्टर.”

“नात कुठे असते?”

“माझी पोरगी त्याच गावात देली हाये न. तिकडंच.”

“काका, बाळाला वरचं दूध देतात?”

“हो. पानी घालून.”

“विहिरीचं?”

“मंग कोनतं देतीन?” आणि मग हळू आवाजात, “पोरगी मने, बाबा, हंड्याले गंज धरते, डाळ शिजत नाही. मी मनलं, हंडा बदल.”

आता बघा माझी परिस्थिती. माझ्याकडे त्या विहिरीचा एक थेंबही नव्हता. पुरावा शून्य. होतं ते लालबागच्या डिस्टिल्ड वॉटरचं एक बीकर, तांबडी रेघ धरलेलं. कुठल्या तोंडाने काय सांगणार? सांगितलं आणि विहीर चांगली निघाली, तर वीस वर्षांचं नाव मातीत. वैशाली समोर उभी होती. तिने बीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली... सांग, अशी.

“काका, ते पाणी बाळाला पाजू नका. कुणालाच नको. उकळूनही नाही, उकळून हे जात नाही. बाळाला घरी नेऊच नका. दुसरीकडे ठेवा.”

“रिपोर्ट खराब आला का म्याडम?”

“रिपोर्ट नाहीये अजून. माझं ऐका फक्त.”

मग मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की ब्लँक नापास, बॅच बाद, मी सही करणार नाही. सर ओरडले. मीही ओरडले. डंकांच्या आवाजात आमचं कुणाला ऐकू गेलं नसेल म्हणा. पाच वाजले, रिपोर्ट गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मेश्राम काका तो गुडघा घेऊन ढिगारा चढून गेले आणि विहिरीचं पाणी भरून आणलं. त्यांचा एक ओळखीचा माणूस मुंबईला येत होता, त्याच्याबरोबर बर्फात घालून पाठवलं. मी स्वतः दादर स्टेशनवर जाऊन बाटली घेतली. लॅबमध्ये येऊन प्रोब सोडला तेव्हा पाटकर सरही बाजूला उभे होते.

अठराशे सेहेचाळीस.

वैशालीने दोन्ही पाण्यांतले धातू मशीनवर लावले. लोखंड, मँगनीज, सगळं. शेवटच्या दशांशापर्यंत तेच. एकाच विहिरीचं पाणी तुम्ही दोनदा भरलंत तरी इतकं तंतोतंत कधी येत नाही. सरांनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरले आणि मग रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. त्याच आठवड्यात विहीर बंद झाली, गावाला टँकर सुरू झाले. खाणीचं साठवलेलं पाणी कुठल्याशा जुन्या भेगेतून विहिरीत झिरपत होतं, असं नंतर कळलं. बाळ वाचलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यानेच असं होत होतं की नाही ते खात्रीने सांगता येणार नाही, पण पाणी बदलल्यावर दुसऱ्या आठवड्यात ती दूध मागायला लागली.

विहीर बंद झाल्याचा फोन आला त्या दिवशी मी फ्रिज उघडला. ब्लँकच्या बाटलीत अर्धं पाणी शिल्लक होतं. बाटली गार होती, बाकीच्यांसारखीच. मीटर लावला. दोन. वाट पाहिली. दोनच.

बीकरवरची तांबडी रेघ मात्र अजून आहे. ॲसिडने धुतली तर लगेच जाईल. आम्ही धुतलेली नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वैशालीने सहा महिने शोधलं. कुणी बाटली बदलली म्हणावं तर सही माझी, सील अखंड. मीटर बिघडला म्हणावं तर आकडा तंतोतंत कसा जुळला? आणि सत्तावीस अंशांचं काय करायचं? तिने शेवटी रजिस्टरमध्ये ‘कारण अज्ञात’ लिहिलं. आमच्या लॅबच्या रजिस्टरमध्ये हे दोन शब्द त्याआधी कधी लिहिलेले नव्हते.

पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही. परवा मेश्राम काकांचा फोन आला होता. नात चालायला लागली, हे सांगायला. बोलता बोलता म्हणाले, “नशीब म्याडम, तुमी येकाच मैन्यात पकडलं. दिवाळीच्या आधीचा ब्लँक तं साफच होता न?”

मी म्हटलं, हो.

फोन ठेवला आणि दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तो ब्लँक साफ नव्हता. बाळ आजारी पडायच्या आधी ते पाणी माझ्या टेबलावर येऊन गेलं होतं आणि मी ते बेसिनमध्ये ओतून चकल्या तळायला घरी गेले होते. मला जवळजवळ महिनाभर आधी कळवलं गेलं होतं. कोणी कळवलं, कसं कळवलं, मला माहीत नाही. पण ते दोनदा का यावं लागलं, ते मला नीट माहीत आहे.

आज हे इथे टाकायच्या आधी मी त्यांना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. एका दमात, मधे थांबले असते तर जमलं नसतं. त्यांच्या मागे कुठेतरी एक लहान मूल भांडं आपटत होतं.

मग म्हणाले, “मी बी तं गेलो नव्हतो न म्याडम, इहिरीवर.”